उन्हाळ्यात उष्णतेचा आणि ओझोनचा अंदाज कसा वाचायचा, अगदी सुरुवातीपासून

हवामानाचं ॲप उघडायचं, मोठा आकडा बघायचा, "बापरे, ४१!" म्हणायचं आणि बंद करायचं, मीही कित्येक वर्षं एवढंच करत होतो. पण आमच्या घरात दम्याचा पेशंट आहे, आईच, आणि एका उन्हाळ्यात लक्षात आलं की तिला सगळ्यात जास्त धाप लागते ती धुरकट दिवशी नव्हे, एकदम निळंशार आभाळ असलेल्या कडक उन्हाच्या दुपारी. बाहेर बघितलं तर हवा स्वच्छ दिसायची. ते कोडं सुटलं तेव्हापासून रोज रात्री मी दोन अंदाज शेजारी शेजारी ठेवून बघतो, एक उष्णतेचा आणि एक ओझोनचा. शिकायला अवघड काहीच नाही, फक्त कुठला आकडा नेमका कशाचा आहे हे कोणी बसून सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

सुरुवातीला ओझोनचा गोंधळ मिटवू

शाळेत शिकलेला ओझोन म्हणजे वर १५ ते ३५ किलोमीटरवरचा थर, जो अतिनील किरणं अडवतो. तो चांगला, तो तिथेच असू दे. आपण बोलतोय तो जमिनीलगतचा, नाकातोंडात जाणारा ओझोन. रेणू तोच, तीन ऑक्सिजनचा, पण फुप्फुसात गेला की आतल्या अस्तराची आग होते.

हा ओझोन कुठल्या धुराड्यातून किंवा सायलेन्सरमधून बाहेर पडत नाही. तो हवेतच तयार होतो. गाड्या, ट्रक, वीज केंद्रं, कारखाने यांच्याकडून नायट्रोजन ऑक्साइड येतात, आणि पेट्रोलची वाफ, रंग, थिनर, आणि हो, झाडंसुद्धा, यांच्याकडून सेंद्रिय वाफा येतात, आणि या दोघांवर कडक ऊन पडलं की काही तासांत ओझोन शिजतो. शिजतो हाच शब्द बरोबर आहे. आरी हागेन-स्मित नावाच्या डच रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या स्मॉगचा अभ्यास करताना हे उलगडून दाखवलं.

आता उष्णतेशी नातं बघा. तापमान वाढलं की पेट्रोल आणि रंगांची वाफ जास्त होते, झाडांतून आयसोप्रीन नावाची वाफ जास्त निघते, रासायनिक क्रिया वेगाने होतात. उष्णतेची लाट येते तेव्हा बऱ्याचदा वारा पडलेला असतो आणि ढग नसतात, म्हणजे माल तिथेच साचून राहतो आणि ऊन पूर्ण मिळतं. त्यात जमीन कोरडी पडली की झाडं पाणी वाचवायला पानांची छिद्रं मिटतात, आणि एरवी पानं जो ओझोन शोषून घेतात तोही मग हवेतच राहतो. म्हणून हे दोन धोके जोडीने येतात. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात ७०,००० हून जास्त जादा मृत्यू झाले, ते आपण उष्णतेच्या नावावर ओळखतो, पण नंतर संशोधकांनी आकडे तपासले तेव्हा त्यात ओझोनचाही वाटा निघाला.

पायरी १: तापमानाचा आकडा एकटा वाचू नका

अंदाजात जे कमाल तापमान असतं ते सावलीतलं असतं, पांढऱ्या हवेशीर पेटीत माणसाच्या छातीच्या आसपासच्या उंचीवर ठेवलेल्या थर्मामीटरचं. डांबरावर, पत्र्याखाली, उन्हात उभं राहिल्यावर अंगाला लागतं ते वेगळं. म्हणून "माझ्या गाडीत तर ४७ दाखवत होतं, हवामानवाले खोटं सांगतात" या वादात पडू नका, दोन्ही मोजमापं आपापल्या जागी ठीक आहेत.

दुसरा आकडा दमटपणाचा. घाम वाळला तरच अंग गार होतं, आणि हवा आधीच ओली असेल तर घाम वाळत नाही, नुसता गळतो. अमेरिकेच्या हवामान सेवेच्या हीट इंडेक्सच्या तक्त्यात ३२ अंश आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर अंगाला साधारण ३३ वाटतं, तेच ३२ अंश आणि ७० टक्के असेल तर जवळजवळ ४१. आणि हा तक्ता सावलीत, थोडा वारा आहे असं धरून बनवलाय, थेट उन्हात त्यात ८ अंशांपर्यंत भर पडू शकते.

इथे नवीन लोक एक चूक हमखास करतात, मीही केलीये. आर्द्रतेचा टक्का पहाटे सगळ्यात जास्त आणि दुपारी सगळ्यात कमी असतो. तर सकाळी ६ चे ८५ टक्के घ्यायचे आणि दुपारी ३ चे ३८ अंश घ्यायचे आणि तक्त्यात टाकायचे, की जो आकडा येतो तो बघून घाबरायलाच होतं, आणि तो चुकीचा असतो. दोन्ही आकडे एकाच तासाचे घ्या. याहून सोपं म्हणजे ॲपमध्ये ड्यू पॉइंट म्हणजे दवबिंदू दिसतो का बघा, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत गार झाली की दव पडायला लागेल तो आकडा; तो जितका जास्त तितकी हवा ओली. तो दिवसभरात टक्क्याइतका खालीवर होत नाही. दवबिंदू २४ च्या वर गेला की बहुतेकांना घुसमटायला होतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

वेट बल्ब हा शब्द हल्ली बातम्यांत फार येतो. ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान, म्हणजे घाम वाळून शरीर जास्तीत जास्त किती गार होऊ शकेल त्याचा अंदाज. २०१० मध्ये शेरवूड आणि ह्यूबर या संशोधकांनी ३५ अंश वेट बल्ब ही माणसाच्या सहनशक्तीची सैद्धांतिक हद्द मांडली, पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तरुण निरोगी लोकांचं शरीरसुद्धा दमट हवेत ३१ च्या आसपासच हार मानायला लागलं. म्हणून "३५ झालं नाही ना अजून" असं म्हणून बसू नका. उन्हात काम करणाऱ्यांसाठी आणि खेळाडूंसाठी आणखी एक आकडा असतो, वेट बल्ब ग्लोब तापमान, ज्यात दमटपणा, ऊन, वारा सगळं एकत्र येतं. तुमच्या अंदाजात तो मिळत असेल तर बाहेरच्या कष्टाच्या कामाला तोच वापरा. हे दोन वेगळे आकडे आहेत, नावं सारखी वाटतात म्हणून एकाचं कोष्टक दुसऱ्याला लावू नका.

आणि एक आकडा ज्याकडे कोणीच बघत नाही: किमान तापमान. रात्र. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री सावरायला वेळ लागतो, आणि रात्रच गार झाली नाही तर दुसऱ्या दिवसाची सुरुवातच थकव्यातून होते. सलग तीन-चार रात्री गरम राहणार असं अंदाजात दिसलं तर मला एखाद्या दिवसाच्या मोठ्या आकड्यापेक्षा त्याची काळजी जास्त वाटते, खासकरून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी.

पायरी २: हवेच्या अंदाजात ओझोन वेगळा काढा

एक्यूआय म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, हा एकच आकडा दिसतो पण तो सगळ्या प्रदूषकांची बेरीज नसतो. प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सगळ्यात मोठा जो असेल तो एक्यूआय म्हणून दाखवतात. म्हणजे ११० हा आकडा धुळीमुळे पण असू शकतो आणि ओझोनमुळे पण, आणि दोन्हींना करायचे उपाय वेगळे. त्यामुळे आकड्यावर टॅप करा आणि खाली मुख्य प्रदूषक कुठला लिहिलाय ते बघा. ओ३ दिसलं तर तो ओझोन.

मग बघा की तुम्ही बघताय ते आत्ताचं मोजमाप आहे का उद्याचा अंदाज. सकाळी ८ वाजता एक्यूआय ४० हिरवा बघून लोक दुपारची मॅच ठरवतात, आणि सकाळी ८ ला ओझोन कमीच असतो, तो दुपारी चढणार असतो. सकाळचा आकडा दुपारबद्दल काही सांगत नाही. अंदाज म्हणजे फोरकास्ट असं लिहिलेला वेगळा भाग असतो, तो शोधा.

आता एककं. ओझोन कुठे पीपीबीमध्ये देतात, म्हणजे अब्जात किती भाग, आणि कुठे घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये. ढोबळ हिशोब सोपा आहे, १ पीपीबी म्हणजे साधारण २ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा आठ तासांच्या सरासरीला १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण ५० पीपीबी. अमेरिकेचं मानक ७० पीपीबी. युरोपात एका तासाची सरासरी १८० मायक्रोग्रॅमच्या वर गेली की लोकांना माहिती द्यावी लागते आणि २४० च्या वर गेली की धोक्याचा इशारा. आठ तासांची सरासरी आणि एका तासाचा आकडा, यांची गल्लत करू नका. दुपारी तासाभरापुरता १५० ला गेलेला ओझोन आठ तासांच्या सरासरीत १२० च दिसू शकतो.

देशादेशांची पट्टी पण वेगळी. तीच हवा, ओझोन ७० पीपीबी, अमेरिकेच्या पट्टीवर एक्यूआय १०० दाखवेल आणि भारताच्या पट्टीवर १५० च्या वर जाईल. शब्द तर आणखी फसवतात, अमेरिकेत मॉडरेट म्हणजे ५१ ते १००, भारतात मॉडरेट म्हणजे १०१ ते २००. दोन ॲप दोन आकडे दाखवतात तेव्हा बऱ्याचदा कारण एवढंच असतं की दोघांनी वेगळी पट्टी धरलीये. एक निवडा आणि त्याच्यावरच राहा.

अजून दोन गोष्टी पटकन. ओझोनच्या नकाशावर डॉब्सन युनिट लिहिलेलं दिसलं तर तो नकाशा बंद करा, तो वरच्या थरासकट सगळ्या ओझोनचा आहे, तुमच्या श्वासाचा नाही. आणि आंतरराष्ट्रीय नकाशांवर वेळ बऱ्याचदा यूटीसीमध्ये म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, ती आपल्या स्थानिक वेळेत बदलून घ्या, नाहीतर दुपारची चढती तुम्हाला सकाळी किंवा रात्री दिसेल आणि वाटेल मॉडेल बिघडलंय.

पायरी ३: दिवसाचा आकडा सोडा, तासांचा आलेख बघा

हीच सगळ्यात कामाची पायरी. ओझोनचा आलेख बहुतेक ठिकाणी एका घुमटासारखा असतो, पहाटे खाली, सकाळी ९-१० नंतर चढायला लागतो, दुपारी साधारण १ ते ५ मध्ये माथा, आणि सूर्य कलला की उतरतो. रस्त्यांजवळ रात्री तो फार खाली जातो कारण गाड्यांतला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो. हे ऐकून विचित्र वाटतं पण खरंय, भर ट्रॅफिकच्या चौकात ओझोन कमी असू शकतो आणि शहरापासून वाऱ्याच्या दिशेला तीस-चाळीस किलोमीटरवर, जिथे झाडं आहेत, शांतता आहे, तिथे दुपारी उशिरा जास्त. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बऱ्याच शहरांत नायट्रोजन ऑक्साइड घसरले आणि ओझोन मात्र वाढला, त्याच कारणाने. तर "शहराबाहेर जाऊया, हवा चांगली असते" हे ओझोनच्या दिवशी गृहीत धरू नका, तिथला अंदाज वेगळा बघा.

डोंगरावर रात्रीसुद्धा ओझोन फारसा उतरत नाही. समुद्राकाठी दुपारी खारा वारा सुटला की कधी हवा एकदम साफ होते आणि कधी पाण्यावर साचलेला ओझोनच परत किनाऱ्यावर येतो.

आता उष्णतेचा तासांचा आलेख याच्या शेजारी ठेवा. तापमानाचा माथा साधारण ३ ते ४ ला येतो. दोन्ही घुमट एकमेकांवर पडतात तो काळ म्हणजे दुपारी १२ ते संध्याकाळी ६ च्या आसपासची पट्टी. पण रोज ती तशीच नसते, कधी दुपारी ढग येतात आणि ओझोन लवकर बसतो पण उकाडा वाढतो, कधी संध्याकाळी ७ ला पण ओझोन चढलेलाच असतो कारण दुसऱ्या शहराचा माल वाऱ्याबरोबर येऊन पोचलाय. ते आलेखात दिसतं, एका आकड्यात दिसत नाही.

पायरी ४: अंदाजावर किती विसंबायचं

ओझोनचा अंदाज म्हणजे आधी हवामानाचा अंदाज, मग त्यावर कुठून किती धूर आणि वाफ निघेल याचा अंदाज, मग त्यावर रसायनशास्त्र. तीन मजले. खालचा हलला की वरचे हलतात, म्हणून उद्याचा अंदाज बऱ्यापैकी, परवाचा ठीक, आणि चार-पाच दिवसांपुढचा फक्त "लक्ष ठेवा" एवढ्यापुरता धरायचा. युरोपच्या कोपर्निकस या हवेवर लक्ष ठेवणाऱ्या सेवेचा जागतिक अंदाज पाच दिवसांचा असतो आणि त्यातला एक चौकोन साधारण ४० किलोमीटरचा, म्हणजे तुमचं अख्खं शहर एका ठिपक्यात. तुमच्या गल्लीचा हिशोब त्यात शोधू नका. स्थानिक संस्थेचा अंदाज असेल तर त्याला पहिली पसंती द्या कारण तिथे आसपासची हवा मोजणारी केंद्रं आणि तिथली माणसं असतात.

मॉडेल सगळ्यात वाईट दिवस बऱ्याचदा थोडा कमी दाखवतात. म्हणून मी स्वतः पण खुणा बघतो: आभाळ निरभ्र आहे का, वारा पडलाय का, हा लाटेचा पहिला दिवस आहे का तिसरा. तिसरा दिवस पहिल्यापेक्षा वाईट असायची शक्यता जास्त, कारण कालचा ओझोन रात्री जमिनीपासून काहीशे मीटर वर अडकून राहतो आणि सकाळी हवा घुसळली की खाली येतो, म्हणजे आजची सुरुवातच शिल्लक घेऊन होते. जवळपास कुठे जंगल पेटलंय का हेही बघा, तो धूर ओझोनलाही खाद्य पुरवतो. आणि उलट बाजूने, दुपारी ढगाळलं किंवा पाऊस झाला तर अंदाजातला माथा येतच नाही. तेव्हा "उगाच घाबरवलं" म्हणून पुढचा इशारा सोडून देऊ नका, प्लीज.

पायरी ५: आता दिवस कसा लावायचा

मी रात्री झोपायच्या आधी चार गोष्टी बघतो, उद्या अंगाला किती वाटेल, रात्रीचं किमान किती, ओझोनचा माथा किती आणि किती वाजता. मग आईचं फिरणं, बाहेरची कामं, मुलांचा खेळ हे सगळं सकाळी लवकर सरकवतो. सकाळी दोन्ही आलेख खाली असतात. फक्त धुळीचा, म्हणजे पीएम २.५ चा, एकदा बघून घ्या कारण काही ठिकाणी तो पहाटेच जास्त असतो.

व्यायामाबद्दल मुद्दाम सांगतो. धावताना आपण बसल्यापेक्षा कितीतरी पट हवा आत ओढतो आणि तीही तोंडाने, खोलवर. म्हणजे ओझोनचा डोस तेवढ्या पटीने वाढतो. वाईट दुपारी धावायच्या ऐवजी चालायचं, तासाऐवजी वीस मिनिटं, किंवा घरात, एवढा बदल केला तरी खूप फरक पडतो. मास्कवर विसंबू नका, ओझोन हा वायू आहे, धुळीचा एन९५ मास्क त्याला अडवत नाही. हवा शुद्ध करायच्या यंत्रातला धूळ गाळणारा हेपा फिल्टरही नाही. आणि ओझोन सोडून हवा शुद्ध करतो असं सांगून विकलं जाणारं कुठलंही यंत्र घरात आणू नका, ते ज्याच्यापासून वाचायचंय तेच खोलीत सोडतं.

खिडक्यांचा प्रश्न सगळेच विचारतात. बंद घरात ओझोन बाहेरपेक्षा बराच कमी असतो कारण भिंती, पडदे, कपडे यांना लागून तो संपतो. त्यामुळे घर गार ठेवायची सोय असेल तर दुपारी खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि रात्री बाहेर गार झालं की सगळं उघडं. पण सोय नसेल आणि आत बाहेरपेक्षा जास्त तापत असेल तर खिडकी उघडा, ओझोनसाठी उकाड्यात कोंडून घेऊ नका. उष्णता काही तासांत जीव घेऊ शकते, या दोघांत टक्कर झाली तर आधी उष्णतेचं बघायचं. पंखाही ४० अंशांच्या वर फक्त गरम हवा अंगावर मारतो, जागतिक आरोग्य संघटना पण तेव्हा तो वापरू नका म्हणते. त्यावेळी ओलं कापड, अंगावर पाणी, किंवा जवळची गार जागा.

बाहेर काम करणाऱ्यांना शरीर सवयीला यायला एक ते दोन आठवडे लागतात. नवीन माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या २० टक्केच उन्हात, मग रोज २० टक्के वाढवत न्यायचं, अशी शिफारस आहे, आणि ती पाळणं मालकाची जबाबदारी आहे असं मला मनापासून वाटतं. सीझनच्या पहिल्या लाटेत त्रास जास्त होतो तो यामुळेच.

दम्याच्या पेशंटने इनहेलर जवळ ठेवायचा, आणि ओझोनचा त्रास त्याच दिवशी न होता दुसऱ्या दिवशीही होऊ शकतो हे लक्षात ठेवायचं. घसा खवखवणं, कोरडा खोकला, खोल श्वास घेताना छातीत दुखणं, या त्याच्या खुणा. बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी उष्णता सोसायची ताकद कमी होते, गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, उन्हाळा सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना विचारून ठेवायचं. आणि उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, अंग भट्टीसारखं तापलंय, तर तो उष्माघात. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नका. तातडीची मदत बोलवा आणि ती येईपर्यंत सावलीत घेऊन अंगावर पाणी, वारा, मिळेल तसं गार करत राहा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पायरी ६: दोन आठवडे वही ठेवा

एक साधी वही. रोज रात्री चार रकाने: अंदाज काय होता, प्रत्यक्ष केंद्राने काय मोजलं, आभाळ आणि वारा कसा होता, घरात कोणाला काय त्रास झाला. दोन आठवड्यांत तुम्हाला कळेल की तुमच्या भागात अंदाज दहा-पंधराने कमी दाखवतो का जास्त, तुमच्याकडे माथा २ ला येतो का ५ ला, आणि तुमच्या माणसाला कितव्या आकड्याला त्रास सुरू होतो. आईच्या बाबतीत तो आकडा सरकारी पट्टीवरच्या "संवेदनशील लोकांनी काळजी घ्यावी" च्या बराच खाली निघाला. आता अंदाज त्या आकड्याच्या जवळ आला की मी आदल्या रात्रीच तिला सांगतो, उद्या भाजी आणायला सकाळी सातला जाऊ, आणि दुपारी ती आतल्या खोलीत झोपते.